झिनोवीचा वाटा

सकाळी आठ, रात्री आठ.
अकरा वर्षं गोळी घेते आहे
पहारेकऱ्यांना गुंगी यावी म्हणून,
नाहीतर ते झिनोवीला उपरा समजून
हाकलून देतील.

भाऊ गेला मागच्या हिवाळ्यात,
पेइप्सी सरोवराच्या बर्फाला भोक पाडून
गळ टाकून बसलेला,
बसल्या बसल्याच.
त्याचं मूत्रपिंड तेवढं
माझ्या उजव्या कुशीत अजून कामावर येतं.

आणि आज तार्तूची डॉक्टर म्हणते,
फेव्रोनिया, गर्भाशयाच्या तोंडाशी गाठ आहे.
पहारा झोपलेला, तिचं आयतंच फावलं.
गोळ्या कमी करून बघू.
मग मूत्रपिंड?
ती पेनाचं टोपण काढते, लावते.

परतीच्या बसमध्ये मांडीवर कांद्यांची वेणी.
तिच्यासाठी आणलेली, द्यायची राहिली.
आमच्याकडे एक कांदा सडला
की अख्खी वेणी सोडून बघतात,
एकेक, अंगठ्याने दाबून.

आठ वाजले.
गोळी तळहातावर.
कुशीवर हात ठेवून विचारते,
झिनोवी, अर्धीच घेऊ का रे?
तो काही बोलत नाही.
लघवीला लागते फक्त,
नेहमीसारखी.