काड्यापेटी

सुनामगंजच्या हावरात चौथा दिवस.
हिजलाच्या शेंड्याला होडी बांधून
पत्र्यावर बसलेल्यांना पोहे, गूळ,
मेणबत्त्यांची पुडकी दिली.

काडी? मोसब्बीरचाचांनी विचारलं.
निघताना तीनदा यादी वाचलेली मी
पाण्याकडे बघत राहिले.
"असू दे," ते म्हणाले,
"पोह्यांबरोबर मेणबत्ती खाऊ."

मग पलीकडच्या छपरावर जमिरुननं
अंबाडा सोडला.
प्लास्टिकात गुंडाळलेली काड्यापेटी,
आत सात काड्या.
पेटीची एक बाजू फाडून
चार तिनं माझ्या मुठीत कोंबल्या:
त्यांना पोचव. भिजवू नकोस.

वहीत रकाने तीनच:
गाव, माणसं, काय दिलं.
चार काड्या, असं लिहिलं.
समासात तिचं नाव.
रु पहिला की दुसरा,
विचारायला वळले
तर इंजिन सुरू झालं होतं.