पासंग

वेल्समधलं गाव. पाटीच्या दगडाची खाण बंद पडून जमाना झाला,
ढिगारे अजून ओले चकाकतात.
गॅरेजची फरशी उताराची, म्हणून
चार काट्यांपैकी दोहोंखाली मी पाटीचे तुकडे सारतो,
एक पातळ, एक त्याहून पातळ,
लेव्हलमधला बुडबुडा मध्यावर येईतो.

मग गाडी. हिरवी, बुटकी,
शर्यतीच्या आदल्या दिवशी नेहमी थोडी रुसलेली.
टायरची हवा मोजलेली, टाकी निम्मी,
अँटी-रोल बारची कडी सोडवलेली,
नाहीतर तो मधे बोलतो, आणि खोटं बोलतो.
ड्रायव्हरच्या सीटवर खड्यांच्या दोन गोण्या, पट्टा बांधून.
गोणीवर खडूने: मॉर्विदबाई, ७१.

आकडे उजळले.
पुढे एकशे अठ्ठावीस, एकशे पासष्ट,
मागे एकशे ब्याऐंशी, एकशे सदुसष्ट.
तिवई कधी डुगडुगत नाही;
चौथा पाय आला की कुणीतरी एक अंग चोरणारच.
म्हणून ही गाडी डावीकडे गुमान वळते
आणि उजवीकडे नाक मुरडते.

पुढच्या डाव्या स्प्रिंगची कॉलर दोन आटे वर घेतली.
बॉनेट दाबून गाडी हलवली, बसू दिली.
उत्तर आलं मागच्या उजव्या कोपऱ्यातून.
तिरक्यांचं असं गूळपीठ असतं,
शेजारचे दोघे त्या मानाने हलके होतात.
एकशे एक्केचाळीस, एकशे बावन्न,
एकशे एकोणसत्तर, एकशे ऐंशी.
बेरीज तीच, सहाशे बेचाळीस.
पाना कितीही फिरवा, ओझं कमी होत नाही,
कुणी किती उचलायचं तेवढं ठरतं.

संध्याकाळी बाई आल्या. नववीत रसायन शिकवायच्या मला.
"आधी काटा शून्यावर, गेथिन, मग बढाया."
गोण्या उतरवल्या. त्या बसल्या, हेल्मेट मांडीवर.

सहाशे सत्तावीस.

मी काटे शून्यावर आणले. पुन्हा बसवलं.
सहाशे सत्तावीस.
गोण्या परत चढवल्या: सहाशे बेचाळीस.
काटे खरे होते.
बाई खिडकीतून खाणीकडे बघत होत्या,
मनगटावरचं घड्याळ कोपराकडे घसरलेलं.
"हलकं असायला नियमांत बंदी नाही," म्हणाल्या.
"कर तुझं काम."

मी वाकलो. अर्धा आटा.
खाली वाकलेलं असलं की चेहरा चाकाआड राहतो,
हा या धंद्याचा एक फायदा.
"किती फिरवलंस?"
"अर्धा."
"एवढंच?"
"पासंगाएवढं, बाई."

त्या गेल्यावर मी गोणीतले पंधरा किलो खडे मोजून काढले,
फाटकाबाहेरच्या खड्ड्यात ओतले.
७१ पुसलं. खडू हातात तसाच राहिला.

सकाळी गाडी बाहेर काढली तेव्हा चाकांखाली ते खडे वाजले.
घाटाच्या तिसऱ्या वळणाला, उजव्या,
लोक म्हणतात, ती रेघ मारल्यासारखी गेली.
मी पाहिलं नाही.
माझं लक्ष घड्याळाकडे होतं.