बसून पाहावं

घाट रोडच्या दुकानात
पोरगा पाटीमागून पाटी ओढत होता:
सरळ जोड, वीटजोड, तिरपी,
आणि ती मासोळीच्या काट्यासारखी,
जिचं नाव त्यालाही नीट घेता आलं नाही, मलाही.
गिऱ्हाईकं उभ्यानं बघत होती.
मी खाली फतकल मारली.
"खुर्ची देऊ का मॅडम?"
नको रे. खुर्चीसाठीच आली आहे.

आईचा खुबा बदलला तेव्हापासून
ती लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून आंघोळ करते.
तिच्या नजरेसमोर भिंतीचा हातभर तुकडा येतो,
तेवढंच तिचं बाथरूम.
वरचं सगळं आमचं, उभ्या लोकांचं.

टेकलाल मिस्त्री, बालाघाटकडचा,
गुण्या लावून म्हणाला,
"भिंत सव्वा इंच पळून राहिली, बाई.
सरळ जोड रोज चुगली करन.
तिरपी घ्या, लपून जाते."
आणि कटपीस?
"खाली. खाली कोण पाहते जी?"

त्याला म्हटलं, बसा.
कोरड्या मोरीत, त्या लाल खुर्चीत
चपला बाहेर काढून तो बसला,
सिमेंटचे हात मांडीवर उताणे.
बाहेर कूलर धडधडत होता,
टाकीचं पाणी मे महिन्यात उकळत होतं.
बराच वेळ तो काही बोलला नाही.
मग थैलीतून खडू काढला
आणि बसल्या बसल्याच भिंतीवर रेघ मारली.
"अख्खी इथून सुरू करतो. कटपीस छताकडे."

आईला फोटो दाखवले.
मासोळीच्या काट्यावर तिनं बोट फिरवलं, सोडून दिलं.
"यात मोजता येत नाही."
मला माहीतच नव्हतं.
ऑपरेशनच्या पायावर मी मग ओतते,
साबण लावायला तो पाय उचलते,
तेव्हा ती ओठांतल्या ओठांत पुटपुटते.
मला वाटायचं, देवाचं काही.

वीटजोड लावली. पांढरी, खरबरीत.
सव्वा इंच नळापाशी पाचरीसारखा उघडा पडला.
दिसतो. दिसू दे.

काल अंग पुसताना म्हणाली,
"तिसऱ्या ओळीत, खिडकीकडून चौथी.
टवका उडाला आहे.
मिस्त्रीला नको सांगू."
का गं?
"मी तिथूनच सुरू करते."