चौकट

दार मोजलं होतं, पियानोही मोजला होता,
कागदावर दोघांचं जमत होतं.
पडवीतलं वळण मोजायचं राहिलं.

गुंडू मेस्त्रीने दाराची चौकटच काढली.
"दार मगे बसवया, आधी ह्या जनावर भितुर घेवया."
तीन पाय सुटे केले, गोधड्या गुंडाळल्या,
नऊ माणसं लागली.
रापणीला याहून जास्त लागतात,
पण हाकारा तोच.

भाताची कणगी पडवीत गेली,
कपाट जावेकडे.
आम्ही आता त्याच्या शेपटीकडे
भिंतीला पाठ लावून जेवतो,
लग्नातल्या शेवटच्या पंगतीसारखे.

सव्वीस वर्षं इनासने मुंबईच्या हॉटेलात
जेवणाऱ्यांना वाजवून दाखवलं.
हॉटेल बंद झालं. फंडाऐवजी हे मिळालं.

वेंगुर्ल्याची हवा खारी.
तारा गंजू नयेत म्हणून त्याच्या पोटात
चाळीसचा बल्ब रात्रभर जळतो.
फटीतून उजेड येतो,
आजारी माणसाच्या खोलीतून येतो तसा.

वर काही ठेवायचं नाही, ही अट.
मी एकदा चादर घालून सोलं वाळत टाकली.
इनास बोलला नाही काही.
दोन दिवस वाजवलं नाही, बस्स.

चौकट अजून मेस्त्रीकडेच आहे.
फेब्रुवारीपासून दाराला माझी जुनी साडी.

खालच्या एका सुराला
फळीवरचं पितळी तपेलं थरथरतं.
कुठला सूर, ते त्याला ठाऊक आहे.
पाहुणे असले की टाळतो.
मी चुलीपाशी एकटी असले
की मुद्दाम दोनदा.