जुनी नोंद

साडेसहाला फाटक उघडतं.
नसरीन कानामागची पेन्सिल काढते
आणि दुर्बीण माझ्या हातात देते.
तिची डावी काच धूसर आहे.
"काका, उजव्यानेच बघा."
माझा डावा डोळा मोतीबिंदूचा. जमून गेलं.

तांबट दोन, दिसलेले. ऐकू आलेला वेगळा.
शिंपी चार.
भारद्वाज, पाठमोरा.
नाचण एक, शेपटी उघडते, मिटते,
हरत चाललेल्या माणसाने
हातातले पत्ते पुन्हा पुन्हा बघावेत तशी.

मिठीकडून वारा आला की नसरीन ओढणी नाकाला लावते.
मला तो वास नातेवाईकासारखा.
आवडत नाही, पण दार लावून घेता येत नाही.

ही झाडं कशावर उभी आहेत, मला विचारा.
मी टाकलंय ते.
म्युन्शिपाल्टीच्या लॉरीवर क्लीनर,
दिवसाला चार खेपा, ड्रायव्हर इसाकभाई.
भायखळ्याची सडकी कोबी, इस्पितळाच्या पट्ट्या,
एकदा तर आख्खी बाजाची पेटी.
त्या करंजाखाली कुठेतरी असेल अजून,
काळी पाच धरून.

"तेव्हा कोणते पक्षी असत, काका?"
घारी. कावळे.
गायबगळे, पण त्यांना पांढरे म्हणवत नसे.
ती लिहून घेते. पुढे साल घालते.

मग एकदम हात वर करते. थांबा.

खाली पाचोळ्यात
कुणीतरी एकेक पान उलटतंय,
हरवलेली पावती शोधावी तसं.
हिरवी पाठ, डोळ्यावर काळा पट्टा,
आणि शेपटीखाली इतकं लाल
की नसरीन श्वास घ्यायचीच विसरली.
"नवरंग," नुसत्या ओठांनी.
"रात्रभर उडतात. दमून उतरतात कुठेही.
इथे मी पहिल्यांदाच बघतेय."

मी नाही.

मे महिनाच होता. ढिगावर हाच उड्या मारत होता.
इसाकभाई म्हणाले, कुणाचा तरी पोपट सुटलाय, धर.
धरला. पळालाच नाही.
डालड्याच्या डब्यात ठेवला,
झाकणाला खिळ्याने भोकं पाडली, सात.
आत हिरवी मिरची टाकली, पोपट ना तो.
तिसऱ्या खेपेपर्यंत डबा आतून वाजत होता.
चौथ्या खेपेला मी रेडिओवरचं गाणं ऐकतोय
असं दाखवत बसलो.
लॉरीत रेडिओ नव्हता.

"मी पाहिलाय याआधी," मी म्हणालो. "शहात्तर साली."
"इथेच? खात्री आहे?"
"हातभरावरून."

तिचा चेहरा असा उजळला
की पुढचं सगळं मी गिळलं.
पान उलटून तिने मागे लिहिलं:
नवरंग. संख्या एक. मे, शहात्तर.
"आणि शेरा? काय करत होता तो?"

पक्षी अजून पानं उलटतच होता.

"लिही," मी म्हणालो,
"मिरची खात नाही."

ती हसली.
आणि लिहिलं.