दहा ते पाच

माहिती केंद्रातल्या मिसेस पेनफोल्डनी
पत्रकावर हिरव्या शाईने खुणा करून दिल्या:
हे फुकट, हेही फुकट,
हे मंगळवारी फुकट, पण आज शनिवार.
मी याच गावात जन्मलो,
तरी पाहुण्यासारखी मान डोलावली.

शनिवारी दहा ते पाच तू माझी असतेस, टॅम्सिन,
आणि माझ्या खिशात वीस पेन्सांचं एकच नाणं,
सात कोपऱ्यांचं.
दिवसभर बोटांनी मी ते कोपरे मोजत होतो.

आधी लाइफबोटीचं घर.
आत जायला पैसे नाहीत,
दारात मात्र दानपेटी, इवल्याशा नावेच्या आकाराची.
तू तिच्यात वाकून पाहिलंस, मी छताकडे.
भिंतीवर साल आणि आकडे,
कोणत्या वादळातून किती माणसं परत आणली.
"न आणलेली कुठे लिहितात?" तू विचारलंस.
पिवळे बूट जोडीजोडीने उभे होते,
विजारी त्यांच्यात आधीच खोचलेल्या,
हाक आली की नुसते पाय घालून धावायचं.

टेकडीवर देवमाशाचा जबडा, कमानीसारखा.
खालून जाताना तू किंचाळलीस, "गिळलं!"
पलीकडे निघालीस तर जशीच्या तशी,
फक्त एका बुटाची नाडी सुटलेली.

धक्क्याच्या टोकाला दुर्बीण.
नाणं टाकल्याशिवाय तिची पापणी उघडत नाही.
तू तशीच डोळा लावून उभी:
"डॅड, दोन हत्ती पोहताहेत.
एकाच्या पाठीवर चिप्सवाली बाई.
आता नॉर्वे दिसतोय.
नॉर्वेत कुणीतरी धुणं वाळत घातलंय."
मी नाणं मुठीत आवळलं.
इतकं सगळं दिसत असताना
उगाच पैसे कशाला मोजा?

सीगलने अर्धं सँडविच पळवलं.
त्याला पत्रक लागत नाही.

मग बाकं.
किनाऱ्याच्या रस्त्यावर ओळीने बाकं,
प्रत्येकाच्या पाठीला पितळी पाटी:
'मॉरिसला इथून दिसणारं सगळं आवडायचं.'
'विनी आणि हर्बर्ट, पुन्हा शेजारी शेजारी.'
तू अडखळत, मोठ्याने वाचत गेलीस,
मेलेल्यांची हजेरी घेतल्यासारखी.
"आजोबांचं कुठलं?"

पाटीला पैसे पडतात, पोरी.
दहा वर्षांचे, आणि मग पुन्हा दहा वर्षांचे.
तुझ्या आजोबांनी
तेहतीस उन्हाळे या वाळूवर गाढवं फिरवली.
क्लोव्हर, डचेस, मिस्टर पिम,
कपाळपट्ट्यांवर एकेकाचं नाव रंगवलेलं.
रंगवायचे तेच, स्वयंपाकघरात, जीभ दातात धरून.
हे मी बोललो नाही.
म्हणालो, "कारागीर अजून पाटी घासतोय."

तू बादलीतल्या खाऱ्या पाण्यात बोट बुडवलंस
आणि एका रिकाम्या फळीवर लिहिलंस:
सिरिल. गाढववाला.
वाऱ्याने पहिलं अक्षर आधी नेलं,
मग मधली, भराभर.
तू परत लिहिलंस. चार वेळा.
एक म्हातारं जोडपं टेकायला आलं,
तू हात आडवा केलास:
"थांबा हं, आजोबा वाळताहेत."
आणि ते थांबले. खरंच थांबले,
त्याने टोपीसुद्धा काढली.

पावणेपाचला आपण पुन्हा धक्क्यावर.
मला काय सुचलं कोण जाणे,
नाणं टाकलं.
आत खटकन पापणी उघडली.
तू समुद्राकडे पाहिलंसच नाही,
दुर्बीण वळवलीस गावाकडे,
पोस्टाची लाल पेटी, बंद आइस्क्रीमची टपरी,
बसथांबा,
आणि म्हणालीस, अगदी साध्या आवाजात,
"आईची गाडी. लवकर आलीये.
आरशात बघून केस नीट करतेय."

"बघू," मी म्हणालो, आणि वाकलो.
तोवर वेळ संपली होती.
आत काळोख.
हत्तीसुद्धा नव्हते.