खिळ्यावरचे चार पॅड

उद्यमनगरात माझ्या पत्र्याच्या शेडमध्ये
काल दोरीनं ओढत आणली एक गाडी.
रंग मरून, आरसी बुकात तसं लिहिलंय.
मला दिसली ती वाळलेल्या बिटाच्या सालीसारखी,
टपावर खडू फिरवल्यागत पांढुरकी,
बॉनेटवर साखर कारखान्याच्या चिमणीची काजळी,
सात गळीत हंगामांची,
आणि सगळीकडे चिंचेवरच्या पाखरांच्या सह्या.

मालक श्रीपाल मगदूम. गुळाचे अडते.
"रविवारी गिऱ्हाईक येणार हाय. नवी करून द्या."
नवी करा म्हणणाऱ्याला मी आधी चहा पाजतो.

मग पाणी. मग शाम्पू. मग मातीचा गोळा,
तालमीतली तांबडी नव्हे, ही निळी, साबणावर सरकणारी.
हात प्लास्टिकच्या पिशवीत घालून पत्र्यावरनं फिरवला
की उघड्या बोटांना न कळलेला कणही बोलतो.
ओरखड्यात नख अडकलं तर तो राहणार,
तसं आधीच सांगून ठेवलं.

खिळ्यावर चार पॅड.
लोकरीचं, कातरायच्या आधीच्या मेंढरासारखं;
भूक मोठी त्याची, दाबलं तर प्रायमरपर्यंत जेवतं.
पिवळा फोम, जरा हट्टी.
केशरी, मधल्या वयाचा.
काळा, इतका मऊ की कंपाउंड त्याला लावूच नये,
शेवटचं पॉलिश तेवढं.

सुरुवात मऊपासून. भागलं नाही तरच पुढचा.
हे शिकवणारा माणूस मोटारीत कधी बसला नाही.
आमचं आडनाव शिकलगार. सायकलचं मागचं चाक फिरवत
दादा गल्लोगल्ली कात्र्यांना धार लावायचे,
"बेटा, काढलेलं लोखंड परत चिकटत नाही."

डाव्या दारावर वीतभर जागा टेपनं आखली.
काळ्यानं काही झालं नाही. केशरीनं थोडं.
पिवळ्यानं पॅडच मरून झालं,
म्हणजे वर क्लिअर नाही,
निघतोय तो गाडीचाच रंग.
मशीन बंद करून हाताची पालथी बाजू टेकवली. कोमट.
आणि तिथं, टेपच्या चौकटीत, एक वेलांटी.

टेप काढली, पुढं सरकलो.
'मगदूम बंधू, गूळ अडत, शाहूपुरी'
स्टिकर कधीच खरवडलेलं,
पण अक्षरांखालचा रंग उन्हाला भेटलाच नव्हता,
तो तसाच, लग्नातल्या फेट्यासारखा गडद.

मगदूम उठून जवळ आले.
"धाकटा. वर्धमान. गाळ्याची केस चालू हाय अजून."
एवढंच. मी विचारलं नव्हतं.

सांगितलं, लोकर लावली तर जाईल,
चार फेऱ्या, जाड कंपाउंड.
पण दाराच्या कडेला रंग पातळ हाय,
आणि एकदा गेलं की गेलं.
पिवळा लावून काळ्यानं उतरवलं
तर दार चमकेल, नाव राहील.
"गिऱ्हाइकाला दिसंल?"
"सांजच्या उन्हात, तिरकं बघितलं तर."

ते खिळ्यापाशी गेले.
एकेक पॅड हातात घेऊन अंगठ्यानं दाबत राहिले,
ढेप किती मुरलीय ते जोखतात तसं,
लोकरीवर अंगठा जरा जास्त वेळ.
बाहेर कुणीतरी मडगार्डवर हातोडी मारत होतं.
मी पिवळा धुवायला नळावर गेलो,
त्याच्यातनं लालसर पाणी
बराच वेळ गटारीत जात राहिलं.

परत आलो तर मगदूम नव्हते.
फोन लावला, उचलला नाही.
रात्री शटर ओढताना मोजले,
खिळ्यावर तीनच पॅड.

लोकरीचं साडेचारशेला येतं.
बिलात लावीन.